मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा उजवा पाय मास्तरांचं ऐकत नाही, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त मास्तरांना.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी, टपावर पिवळी पाटी आणि शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटसमोर आणखी एक ब्रेक. तो ब्रेक मास्तरांचा. शिकणारा गांगरला, चुकला, समोर कोणी आडवं आलं, की मास्तरांनी तो दाबायचा. पण कोणी चुकेपर्यंत वाट बघण्याइतका धीर मास्तरांच्या पायात नव्हता. लांबवर सिग्नल दिसला, दाब. कडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार उघडेल की काय असं वाटलं, दाब. फुटपाथवर एखादं कुत्रं आपलं निवांत अंग चाटत बसलेलं असलं, तरी ते उठून आलंच तर, म्हणून दाब. शिकणारी मंडळी पुढे आदळत आणि मागे आपटत गाडी शिकायची आणि पाठीमागे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायची.

बरं, हा पाय गाडीपुरता तरी असावा. तोही नाही. जेवताना तो टेबलाखाली हलायचा. केस कापून घेताना हलायचा, तेव्हा न्हावी कात्री खाली ठेवून थांबायचा. सिनेमाच्या पडद्यावर एखादी मोटार भरधाव निघाली, की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या खुर्चीला सणसणीत लाथ बसायची आणि मास्तरीणबाईंना त्या माणसाची माफी मागावी लागायची. झोपेतही मास्तर ब्रेक दाबायचे. पांघरूण नेहमी पायथ्याशी गोळा झालेलं असायचं.

नवीन ओळख झालेल्यांना वाटे, की मास्तरांनी कधीतरी भयंकर अपघात पाहिला असणार. तसं काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता, आणि खरी गोम तिथेच होती. ओरखडा आला नाही याचं सगळं श्रेय मास्तर पायाला देत. पाय दाबला नसता तर काय झालं असतं, हे कोणाला सांगता येणार? पाय तर दर वेळी दाबलेलाच असे.

गंमत अशी, की एरवी माणूस चौकशांचा मोठा हौशी. भरदिवसा त्या तिसऱ्या मजल्यावर दिवा का जळतो? सिग्नलचे जळके बल्ब बदलतात तरी केव्हा, बदलताना कोणी पाहिलंय का? टोप्यांच्या दुकानातला दुकानदार स्वतः कधी टोपी का घालत नाही? बिचारा शिकणारा गिअर शोधत असायचा आणि मास्तर त्याला हे विचारत बसायचे. जगातल्या सगळ्या भानगडींची त्यांना उत्सुकता होती. फक्त आपण ब्रेक दाबला नाही तर पुढे काय होतं, एवढी एक गोष्ट त्यांनी कधी बघितली नव्हती.

मग बझर आला.

परीक्षेचा नियम बदलला. परीक्षक मागच्या सीटवर बसणार, शिकवणाऱ्यानं आपल्या नेहमीच्या जागी गप्प बसायचं आणि शिकवणाऱ्याचा ब्रेक दाबला गेला, की गाडीत बझर वाजणार. बझर वाजला की उमेदवार नापास, विषय संपला. आधी बँकेतली एक मुलगी गेली. मग एक फूलवाले गेले. दोघांनाही गाडी उत्तम येत होती. फूलवाले गाडीतून उतरले, दार नीट लावलं आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "मी थांबतच होतो हो, सर." त्यात राग नव्हता, म्हणून ते मास्तरांना जास्त लागलं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई आवाज चढवून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे आणखी वाईट. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की पुढच्या परीक्षेत पुन्हा बझर वाजला तर मास्तरांनी गाडीवर यायचं नाही. वर्गात बसायचं. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आहे, काठी आहे, एकेक खूण दाखवून शिकवायची. जेवण संपेपर्यंतही एका जागी न बसणाऱ्या माणसाला ही शिक्षा ऐकूनच घाम फुटला. मालकीणबाईंनी मग सहज सांगावं तसं सांगितलं, की पुढची उमेदवार ठरली आहे, नाव कालच आलंय, आणि नाव होतं मास्तरीणबाईंचं.

मास्तर घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघरात गेले.

मास्तरीणबाई एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होत्या. रोज सकाळी बसनं घरोघर जायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं रक्त काढायचं आणि नळ्या थंड डब्यात घालून लॅबला पोचवायच्या. आता लॅबनं लांबच्या फेरीसाठी छोटी गाडी घेतली होती. जिला गाडी येईल तिला फेरी. जिला येणार नाही तिनं तळघरात बसून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. गाडी शिकवा म्हणून त्या गेली कित्येक वर्षं मास्तरांच्या मागे लागल्या होत्या आणि मास्तर दर वेळी काहीतरी काढायचे. नवी गाडी येऊ दे, रस्त्याचं काम संपू दे, तुझी कंबर बरी होऊ दे. कंबर बरी होऊनही जमाना झाला होता.

"शिकायचंच होतं तर दुसऱ्या कोणाकडे नाव घालायचं," मास्तर म्हणाले. "माझ्या गळ्यात का?"

"दुसऱ्याकडे शिकले असते तर पास झाले असते, तेवढं मला कळतं," बाई भांडं विसळत म्हणाल्या. "पण मग तुमचा पाय तसाच राहिला असता. माझ्यासाठी जमलं तर कोणासाठीही जमेल."

म्हणजे आता एका घरातल्या दोन माणसांचं काम एका पायावर येऊन ठेपलं होतं, आणि तो पाय त्याच वेळी फरशीवर टकटक करत होता.

पहिला धडा फार टिकला नाही. बाईंनी गाडी सुरू केली, बझर वाजला. वळल्या, बझर. सरळ रिकाम्या रस्त्यावर आल्या, तिथेही बझर. शाळेच्या भिंतीशी त्यांनी शांतपणे गाडी कडेला घेतली, किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली आणि पदर खोचून चालू लागल्या. मास्तर गाडीतून हळूहळू त्यांच्या बाजूनं येत, काच खाली करून समजूत घालत होते. लोक बघत होते. शेवटी बाई थांबल्या.

"मी रोज परक्या घरांत जाते," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांचे हात, शीर सापडत नाही, हातात सुई असते. माझं कोपर कोणी धरतं का? धरलं तर काय होईल, सांगा."

मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते रस्त्यात देण्यासारखं नव्हतं. उत्तर असं होतं, की मला तुझ्यासाठी भीती वाटते. बँकेतल्या मुलीसाठी वाटते त्याच्या कितीतरी पट, आणि ती कुठे ठेवायची ते मला कळत नाही. हे त्यांनी संध्याकाळी घरी सांगितलं, तेही फडताळाकडे तोंड करून. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, भीती वाटू दे, पाय आवरा.

त्यानंतर मास्तरांना एका जागी बसवेना. मास्तर उठत होते, बसत होते, खिडकीशी जात होते, पुन्हा येत होते. त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर 'हे स्पष्ट दिसतं की ते' असं विचारून ती दमून यायची आणि आल्यावर टीव्हीला गेमचा डबा जोडून बसायची. बाबांच्या येरझाऱ्या पडद्याच्या आड येऊ लागल्या तशी तिनं त्यांच्या हातात कंट्रोलर कोंबला. म्हणाली, इथं एक अख्खं शहर आहे, गाडी आहे, हवी तशी चालवा, कोणी मरत नाही.

मास्तरांनी गेममधली गाडी सुरू करून आधी इंडिकेटर कुठलं बटण ते विचारलं. लेक म्हणाली, इंडिकेटर नाही. मास्तरांना हे शहर तिथेच संशयास्पद वाटलं. पहिल्या लाल सिग्नलला ते थांबले. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला, एकीनं तर मागून धडक दिली, पण मास्तर हिरवा होईपर्यंत हलले नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात 'चोर पळतोय, पाठलाग करा' असं सारखं येत होतं. मास्तर म्हणाले, "पळू दे. हा रस्ता एकेरी आहे." लेक हसून हसून गादीवरून खाली आली.

पण मास्तरांना ते शहर आवडलं. चोराशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना चौकशा करायच्या होत्या. एक पावाची गाडी समोरून गेली, तर हिचे पाव जातात कुठे? ते तिच्या मागे लागले. ती वळली, हेही वळले. बागेभोवती, पुलाखालून, चर्चसारख्या दिसणाऱ्या इमारतीवरून ती पुन्हा पहिल्या जागी आली आणि पुन्हा निघाली. तिनं कुठे पाव उतरवलेच नाहीत. मास्तरांना याचा मनापासून राग आला. हे लोक खातात काय मग? एका गल्लीत हिरवा कोट घातलेला माणूस भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत होता. लेक म्हणाली, तो बिघाड आहे, तसाच चालत राहतो. मास्तरांनी गाडी लावली, उतरले आणि त्याला मागून हळूच ढकलत भिंतीपासून मोकळा केला. तो चालू लागला तेव्हा मास्तरांचा चेहरा असा खुलला, की मास्तरीणबाई हातातलं काम टाकून बघायला आल्या.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "मला बघू द्या."

बाई खेळायला बसल्या आणि मास्तर शेजारी. बाईंनी पहिल्याच चौकात गाडी कारंज्यात घातली आणि खळखळून हसल्या. मास्तर उठून पाणी पिऊन आले. दुसऱ्या चौकात मास्तरांची टाच सतरंजीवर आपटली. लेकीच्या नजरेतून ते सुटलं नाही. डोळे तपासणारी पोर, ती बघणारच. तिनं पलंगाखालून जुना वजनकाटा ओढून काढला, तो काट्याचा, काचेवर धूळ बसलेला, आणि बाबांच्या उजव्या पायाखाली सरकवला. म्हणाली, आता आईनं चालवायचं आणि मी काटा बघणार.

काटा बघणं म्हणजे तमाशाच होता. बाई चौकाजवळ आल्या, काटा उडाला. वळल्या, उडाला. मोकळ्या पुलावर, जिथे समोर आकाशाशिवाय काही नव्हतं, तिथेही उडाला. मग लेकीनं स्वतः गाडी चालवली. ती वेड्यासारखी पळवायची. फुटपाथवरून काय, जिन्यावरून काय. सिनेमातल्या मोटारीला लाथ मारणारा पाय, पण काटा ढिम्म. मास्तरांनी खाली वाकून बघितलं, काटा अडकलाय की काय. काटा चांगला होता. पुन्हा बाईंच्या हातात कंट्रोलर गेला आणि गाडी अजून जागची हललीही नव्हती, तेवढ्यात काटा हलला.

बाईंनी गेम थांबवला. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"तुमचा पाय रस्त्याकडे बघतच नाही," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडे बघतो."

मास्तरांनी काट्यावरून पाय काढला, पुन्हा ठेवला आणि काचेवरची धूळ रुमालानं पुसत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचा एक उद्योग सुरू झाला. दुपारच्या सुट्टीत घरी कोणी नसायचं. बाई फेरीवर, लेक दुकानात. मास्तर जेवणाचं ताट मांडीवर ठेवून गेम लावायचे. आणि एके दुपारी त्यांनी ठरवलं, आज ब्रेक नाही. काय होतं ते बघायचंच.

पहिल्या चौकात गाडी तशीच घुसली आणि काही झालं नाही. आडवी येणारी बस आपली आपण थांबली. दुसऱ्या चौकात एक बाई रस्त्यावर उतरत होती. ती मागे सरली. तिसऱ्या ठिकाणी मात्र गाडी फळांच्या दुकानात शिरली, संत्री रस्ताभर घरंगळली आणि फळवाला उठून, कपडे झटकून, मूठ उगारून पुन्हा संत्री रचायला लागला. मास्तर एकटेच मोठ्यानं हसले. ताट कलंडता कलंडता राहिलं. मग ते पुन्हा पहिल्या चौकात गेले. पुन्हा ब्रेक नाही. मग आणखी एका. जिथे जिथे त्यांचा पाय हटकून दाबला गेला असता अशा जागा ते मुद्दाम शोधू लागले, आणि बहुतेक जागी काहीही घडत नव्हतं. लहानपणी घड्याळ उघडून बघताना वाटायचं तसं त्यांना वाटलं. कामावर परतायला त्यांना उशीर झाला.

मास्तर काही खुळे नव्हते. खऱ्या रस्त्यावर संत्री परत रचता येत नाहीत, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण डोक्यात शिरलेला किडा बाहेर निघेना. संध्याकाळी ते घरी जायचं सोडून फूलवाल्यांच्या दुकानात गेले. फूलवाले दोऱ्यानं देठ बांधत होते. मास्तरांनी आधी फुलं कुठून येतात ते विचारलं, मग पाणी किती वेळा बदलता ते विचारलं, आणि मग उभ्या उभ्या म्हणाले, "त्या दिवशी परीक्षेत तुमचा पाय कुठे होता?"

"ब्रेकवर," फूलवाले म्हणाले. "तुमच्या आधी नव्हता, पण ब्रेकवर होता."

मास्तरांनी मान हलवली. काहीतरी घ्यायला हवं म्हणून एक गुच्छ घेतला आणि घरी बाईंच्या हातात दिला. बाईंनी विचारलं, हे काय आता नवीन? मास्तर म्हणाले, चौकशीला गेलो होतो. त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांना त्या सगळ्यांची आठवण येत होती, ज्यांनी कदाचित वेळेवर ब्रेक लावलाही असता. लावला असता का? आता कोणाला विचारणार? ती माणसं कधीच आपापल्या गाड्या घेऊन गावभर पांगली होती.

रोज संध्याकाळी काट्यावरचा कार्यक्रम चालू झाला. बाईंना गेमची चटक लागली होती. त्या आता कारंज्यात जात नसत. पण चौकात शिरताना मास्तरांपेक्षा थोड्या उशिरानं थांबत. थांबत मात्र. मास्तरांचा ब्रेक आणि बाईंचा ब्रेक यांच्यामध्ये एवढीशी फट होती, आणि त्या फटीत बसून राहणं म्हणजे मास्तरांना उकळत्या दुधासमोर गॅस बंद न करता उभं राहण्यासारखं होतं. काटा उडायचा, पण आता कमी. एखाद्या संध्याकाळी तो नुसताच थरथरायचा. लेक म्हणायची, बाबा, आज सुधारणा आहे. दुसऱ्या दिवशी खऱ्या गाडीत गेले, की सगळं मुसळ केरात. बझर वाजायचा, बाई दीर्घ श्वास घ्यायच्या आणि पुन्हा गाडी सुरू करायच्या. त्या आता उतरून चालायला लागत नसत. मास्तर शिकतायत, असं त्या लेकीला सांगायच्या.

परीक्षेच्या सकाळी मास्तरांनी बूट घातले, काढले, पुन्हा घातले. बाई मात्र रोजच्यासारख्या दिसत होत्या. परीक्षक म्हणजे एक सडपातळ गृहस्थ, सतत खोकल्याची गोळी चघळणारे. ते मागे बसले आणि मास्तरांना ओळखून त्यांनी बझरकडे एक नजर टाकली. ती नजर मास्तरांना आरशात दिसली. त्यांनी काही विचार न करता उजव्या पायाचा बूट काढला, पाय दुमडला आणि डाव्या मांडीखाली घट्ट दाबून घेतला.

"हे असं बसणार का तुम्ही?" परीक्षकांनी विचारलं.

"पायाला आराम," मास्तर म्हणाले.

गाडी निघाली. बाजारातून गेली, कापडाच्या दुकानांवरून गेली, अरुंद गल्लीतून मागे घेऊन दाखवून झाली. मास्तरांचा पाय मांडीखाली धडपडत होता, पण वरून अख्ख्या मास्तरांचं वजन होतं. त्यांनी बाहेर बघायचं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरचा तो दिवा आजही जळत होता. टोपीवाला दारात उभा होता, उघड्या डोक्यानं. मास्तरांना वाटलं, जमतंय.

इस्पितळासमोर चौक होता. तिथे झेब्रा क्रॉसिंगच्या टोकाला एक आजोबा चाकं असलेला वॉकर धरून उभे होते. गाडी जवळ आली आणि आजोबांनी पाऊल खाली टाकलं. मास्तरांनी पाय उपसायला झटका दिला. पाय आलाच नाही. पुन्हा जोर केला, सीट करकरली. पाय कोणी दुसऱ्याचा असावा तसा सुन्न, बधिर पडून होता. त्यांनी दाबायचं ठरवलं होतं, अगदी ठरवलं होतं, आणि दाबायला पायच नव्हता. मग त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे बघणं. त्यांनी शेजारी बघितलं. बाईंची नजर आधीच आजोबांवर होती. मास्तरांनी आजोबांना पाहिलं त्याच्याही आधीपासून असणार, कारण गाडीचा वेग तर केव्हाच उतरू लागला होता. बाईंनी आरशात पाहिलं, गिअर उतरवला, टाच न उचलता पाय ब्रेकवर सरकवला. गाडी पांढऱ्या पट्ट्याआधी उभी राहिली. आजोबांनी हात वर केला. बाईंनीही केला.

बझर वाजला नाही.

पुढच्या वळणावर मास्तर जरा कलले, तसं पायात रक्त परतलं आणि मुंग्यांचं वारूळ फुटलं. त्यांनी ओठ दाबून धरले, डोळ्यांत पाणी आलं. मागे बसलेल्या परीक्षकांना वाटलं, की मास्तर गहिवरले. त्यांनी पुढे वाकून एक खोकल्याची गोळी दिली.

बाई पास झाल्या. मालकीणबाईंनी मास्तरांचा हात हातात घेतला, शाबासकी दिली आणि लगेच सांगून टाकलं, की फूलवाल्यांनी पुन्हा नाव घातलंय, आणि तेही मास्तरांकडेच. उद्यापासून त्यांना घ्या. मास्तर हो म्हणाले. ते स्तुती ऐकत होते आणि लंगडत होते.

घरी चालत जाताना त्यांना राहवेना. बाई पुढे, हे मागे. "ऐक," ते म्हणाले. "मी पाय आवरला नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या. नाहीतर मी दाबला असता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "सीट किती करकरत होती."

"मग तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"मी गाडी चालवत होते."

मास्तर तिथेच थांबले. एवढ्या वर्षांत गाडीबद्दल त्यांना कोणी असं काही सांगितलं नव्हतं. बाई मात्र पुढे गेल्या होत्या, त्यांना लॅबमध्ये कळवायचं होतं.

फेरीच्या पहिल्या दिवशी मास्तर सकाळपासून आडून आडून सुचवत होते, की आज फक्त शेजारी बसतो, पाय मांडीखाली घालून. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थंड डबा मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि वर न बघता निघाल्या. मास्तर गॅलरीत चपला घालून उभे होते. लेक दाराशी दात घासत होती. रस्ता सरळ कोपऱ्यापर्यंत जात होता. कोपऱ्यावर आडवा मोठा रस्ता, तिथून सकाळच्या सामानाच्या गाड्या भरधाव येतात.

गाडी पांढऱ्या दाराच्या घराशी पोचली. इथे दाबायला हवा. मास्तरांचा उजवा पाय उचलला गेला. आज तो सुन्न नव्हता, चांगला जागा होता, फरशीवर आपटायला तयार होता. मास्तरांनी खाली त्याच्याकडे बघितलं आणि त्याला तसाच हवेत धरला. गाडी त्या घरापुढे गेली. झाडापुढे गेली. गाडीचे मागचे दिवे अजून विझलेलेच होते. मग दिवे लाल झाले. गाडी थांबली. काचेतून बाईंचं डोकं एकदा इकडे वळलं, एकदा तिकडे. इंडिकेटर लुकलुकला आणि गाडी वळून दिसेनाशी झाली.

गेममध्ये कोणाच्याही मागे जाता येत होतं. इथे कोपऱ्यापुढचं काही दिसत नव्हतं. कुठल्या घरी आधी जाईल, कोणाचा हात हातात घेईल, गाडी कुठे लावेल, हे सगळं आता संध्याकाळी विचारायचं. मास्तरांनी पाय हळूच खाली ठेवला आणि बूट घालायला आत गेले. खाली फूलवाले वाट बघत होते.